उसनी रेष

रबाळ्याच्या शेडमध्ये, माळ्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं तिथे माझं टेबल.
स्क्रीनवर पंपाचं धूड, बिडाचं, राखाडी,
माझ्याआधी कुणीतरी काढून ठेवलेलं.
मला फक्त त्याचं झाकण करायचंय.

मी एक पृष्ठ निवडते. कोरं स्केच उघडतं.
कोरं कसलं म्हणा,
खालून पंप दिसतोच.
त्याच्या कडेवर क्लिक केलं की कड वर येते
जांभळी होऊन,
वजन, जाडी, गंज सगळं खालीच ठेवून.
नुसती रेष.

ओढून बघा, हलत नाही.
लांबी विचारा, सांगते. बदलू म्हणाल तर नाही.
शेजारणीकडून आणलेलं विरजण जसं:
दूध आपलं, पातेलं आपलं,
आंबटपणा तिच्या घरचा.

तिरक्या प्रतलावर उतरलं की
गोल भोकसुद्धा लंबगोल होतं.
पहिल्या वर्षी मी ते चूक समजून
दुपारभर गोल करत बसले होते.
चौघुले सर मागे येऊन उभे राहिले,
म्हणाले, असू दे गं,
तिथून तसंच दिसतं ते.

मार्चअखेर. फाइल जड झालेली,
जरा काही बदललं की चक्र फिरत राहायचं,
चहा पिऊन आलं तरी फिरतच.
म्हणून मी दुवा तोडला.
एक टिचकी, आणि जांभळ्याची निळी झाली.
आता माझी. कापा, ताणा, वळवा.
काय सुटसुटीत वाटलं त्या संध्याकाळी!

साडेसहाला पुण्याहून मेल:
आठवं भोक दोन मिलिमीटर बाहेर घ्या.
सरांनी पंपात घेतलं.
पंप हलला.
झाकणाला कुणी कळवलंच नाही.

शनिवारी खाली हिरामण मढवी,
फिटर, बेचाळीस वर्षांचा हात.
सात बोल्ट गोडीने उतरले,
आठवा तोंडाशीच अडला.
त्यांनी वरती हाक मारली नाही.
झाकण काखेत धरून लोखंडी जिना चढले
आणि तेलकट अंगठा थेट माझ्या स्क्रीनवर टेकवला.
"पोरी, ही रेघ कोनाची?"
"माझी."
"मंग पंपाला इचारून काढलीस का?"

मी उत्तर दिलं नाही. ते खाली गेले.
मीही गेले मागोमाग, गोल कानस शोधून द्यायला.

आमच्या शेडची मागची भिंत
मध्येच वाकडी वळते, काही कारण नसताना.
तिथे रॅक टेकत नाही, झाडूही नीट पोचत नाही.
गवंडी प्यायलेला असणार, असं सगळे म्हणतात.
चहा आला, तेव्हा मढवी त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले,
"बांध व्हता तिथं. आमचा.
खारं पानी अडवायचा.
मोजनीवाल्यानं साखळी टाकली ती बांधाच्या कडंनं,
वाकडा तर वाकडा.
मंग बांध गेला, भात गेलं.
रेघ ऱ्हायली."
पुढे काही बोलले नाहीत.
बशी खाली ठेवली, झाकण शिकंजात आवळलं.

मूळ हरवलेल्या रेषेला
आमचं सॉफ्टवेअर पिवळं चिन्ह लावतं.
भिंतीला लावलेलं
मी कुठे पाहिलं नाही.

कानस चालत राहिली.
दोन मिलिमीटर म्हणजे काय,
पण बिडाची काळी भुकटी केवढी पडली,
त्यांच्या पायजम्यावर, माझ्या चपलेवर.
आठवं भोक लंबगोल झालं,
आणि तिथून ते तसंच दिसत होतं,
कुठूनही.

वर येऊन मी निळी पुसली.
पंपाच्या कडेवर पुन्हा क्लिक केलं,
एकेक करून आठही भोकांवर.
जांभळी आली.
सवयीने ओढून पाहिली. हलली नाही.
बरं वाटलं, हे लपवत नाही.

अंगठ्याचा ठसा अजून स्क्रीनवर आहे.
त्याच्या खालून बाण जातो येतो.
एकदा, शेडमध्ये कुणी नसताना,
त्या वळ्यांवर क्लिक करून पाहिलं.
काही निवडलं गेलं नाही.